पावसाची उघडझाप आणि मातृतीर्थ

राखी पौर्णिमेच्या परिक्रमेला माहूरला पाय ठेवायला जागा नसते. मामीला तर आईच्या नावानं मातृतीर्थावर निवांत बुडी मारायची होती. म्हणून आम्ही हदगावकडची मंडळी पुढच्या मंगळवारी निघालो. रेणुकागड, दत्तशिखर, मग उतरून मातृतीर्थ, सगळं पायी.

पहाटे आभाळ गच्च होतं, गडाच्या पायऱ्या संपेस्तोवर चटका लागायला लागला. इथं रेणुकादेवीचा, म्हणजे परशुरामाच्या आईचा, नुसता मुखवटा आहे. गेलेली आई जमिनीतून वर येतेय, तू मागं वळू नकोस, असं परशुरामाला सांगितलेलं. त्याला काही राहवलं नाही, वळला, आणि आई मुखापुरतीच वर आली. प्रसाद म्हणजे कुटलेला विडा. बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्यांची एवढी सोय दुसऱ्या कुठल्या देवानं केलेली मी पाहिली नाही.

दत्तशिखराच्या घाटात सर आली. मी रेनकोट काढला तर मामी म्हणाली, "भिजायला कामून भितोस रे? साखरेचा हाईस का?" खरं तर कुणीच आडोसा शोधत नव्हतं. गावाकडं पंधरा-वीस दिवस उघाड पडलेली, सोयाबीन ऐन फुलात. दर सरीला नामस्मरण थांबायचं आणि चर्चा सुरू व्हायची की ढग चाललाय कुणीकडं. हदगावकडं सरकला की "उदो गं अंबे उदो!" जरा जोरात.

सागाला पांढरे तुरे आले होते. सोबतच्या लेकरानं कोवळं पान चुरगाळलं, बोटं लालभडक झाली, आणि तो प्रत्येकाला रक्त आलं म्हणून घाबरवत फिरला. शिखरावर धुकं. पैनगंगेचं खोरं नाही, पलीकडचं विदर्भातलं रान नाही, शेजारचा माणूस तेवढा दिसत होता.

मातृतीर्थाला उतरलो तेव्हा परत ऊन. परशुरामानं बाण मारून इथं पाणी काढलं आणि आईबापाचे अंत्यविधी केले, अशी कथा. लोक अजूनही आईचं श्राद्ध करायला येतात. पुढं बसतात ते बहुतेक पुरुषच. मामीनं कुणाला विचारलं नाही. पदर खोचला, शेवाळलेल्या पायरीवर टाच आधी रोवून बेतानं उतरली, ओंजळीतले तीळ सोडले. पोरानं केलं ते पोरीनं करायला कुणाची हरकत असेल तर ती मला तरी पटत नाही. तिसऱ्या बुडीला धो धो सर कोसळली. मामी पाण्यातच हसत उभी.

वर आल्यावर ओल्या हातानं तिनं आधी घरी फोन लावला. "पडला का तिकडं?"

"उलसा. धूळसुद्धा बसली नाही."

मामीनं डोंगराकडं रागानं पाहिलं. "सगळा इथंच सांडून ठेवलाय. चल, परत गडावर जाऊन सांगून येऊ तिला."

एसटी चुकेल, एवढंच मी म्हणालो. ती कधीच चालायला लागली होती.