आफ्रिकन व्हायोलेट: आधी मुळांकडे बघा

नर्सरीतून आणलेलं, फुलांनी भरलेलं आफ्रिकन व्हायोलेट दोन-तीन महिन्यांत मान टाकतं. पानं लोंबायला लागली की घरातला प्रत्येक जण येता-जाता त्यात थोडं पाणी ओततो आणि तिथेच झाड हातचं जातं. पानं मलूल आणि कुंडी मात्र ओली, अशी दोन्ही लक्षणं एकत्र दिसली तर मुळं कुजली आहेत असं समजावं. तहानलेल्या झाडाची कुंडी उचलल्यावर हलकी लागते, कुजलेल्याची जड. एवढा एक फरक हाताला कळायला लागला की निम्मी झाडं वाचतात.

हे झाड मूळचं टांझानिया आणि केनियाच्या डोंगरांमधलं. टांझानियातल्या उसंबारा डोंगरातून वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर या जर्मन अधिकाऱ्याने ते आपल्या वडिलांकडे पाठवलं आणि १८९३ मध्ये हर्मन वेंडलांडने त्याचं नाव सेंटपॉलिया आयोनान्था ठेवलं. आता वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला स्ट्रेप्टोकार्पस या प्रजातीत धरतात. आपल्या कामाची गोष्ट अशी की तिथे ते झाडांच्या सावलीत, शेवाळलेल्या कातळाच्या फटीत, बोटभर पालापाचोळ्यात वाढतं. पाऊस पडतो, पण पाणी कातळावरून वाहून जातं. मुळं बारीक आणि उथळ असतात, त्यांना ओलावा आणि हवा दोन्ही एकाच वेळी लागतात. लाल माती आणि शेणखत भरलेल्या सहा इंची कुंडीत यातलं काहीच मिळत नाही.

म्हणून माती नकोच. एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाइट (फुगवलेले पांढरे, हलके खडे), आणि मिळालं तर मूठभर वर्मिक्युलाइट (अभ्रकासारख्या खनिजाचे फुगवलेले कण). वरून पाणी घालणार असाल तर परलाइट थोडं कमी चालेल, वातीवर, म्हणजे खालच्या डब्यातलं पाणी धाग्याने वर ओढलं जाईल असं ठेवणार असाल तर निम्म्याहून कमी नको. कोकोपीटची वीट भिजवून लगेच वापरू नका, त्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. ते तीन-चार पाण्यांतून धुऊन काढा, मग ५ लिटर पाण्यात चहाचा एक चमचा कॅल्शियम नायट्रेट घालून रात्रभर भिजवा आणि सकाळी पुन्हा एकदा साध्या पाण्याने धुऊन निथळून घ्या. कॅल्शियम त्या क्षारांची जागा घेतं. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण ती टाळल्यावर पानांच्या कडा करपतात आणि मग लोक खताला दोष देतात.

कुंडी प्लॅस्टिकची आणि लहान हवी. झाडाच्या घेराच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे ३० सेंमी घेराच्या झाडाला ४ इंची कुंडी. त्यापेक्षा मोठी सहसा लागत नाही. मातीची कुंडी दिसते छान, पण तिच्या काठावर क्षारांचा थर जमतो आणि त्यावर टेकलेले देठ कुजतात.

पाणी द्यायची सगळ्यात भरवशाची रीत म्हणजे वात. ॲक्रिलिक लोकरीचा २० सेंमी लांब धागा भिजवून कुंडीच्या तळाच्या भोकातून अर्धा आत घ्या, तळावर एक वेढा द्या, वर मिश्रण भरा. ते न दाबता कुंडी फक्त दोनदा आपटा. सुती धागा महिन्या-दोन महिन्यांत कुजतो, तो वापरू नका. पार्सलच्या जेवणाबरोबर येणाऱ्या अर्ध्या लिटरच्या डब्याच्या झाकणाला भोक पाडून त्यातून धागा खाली सोडा. कुंडीचा तळ आणि पाणी यांच्यात एक सेंटिमीटरचं अंतर राहिलं पाहिजे, नाहीतर कुंडीच पाण्यात बसते. डबा पारदर्शक असला तर शेवाळ धरतं, बाहेरून रंग लावा. सुरुवातीला वरून एकदा पाणी घालून वात चालू करावी लागते. डबा कोरडा पडून वात सुकली तर पुन्हा तेच करायचं.

वरून पाणी घालताना पानं भिजली तर फारसं बिघडत नाही, गार पाणी पडलं तर बिघडतं. पानापेक्षा बऱ्याच गार पाण्याने पेशी मरतात आणि पांढरट-पिवळी वेडीवाकडी वर्तुळं उमटतात, ती कधीच जात नाहीत. मे महिन्यात उलटी गोष्ट होते: गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं. सकाळी भरून घरात ठेवलेलं पाणी वापरा. बोअरचं जड पाणी नको. आरओचं शुद्ध पाणी चालतं, पण त्याच्या नळीतून वाया जाणारं पाणी अजिबात नको, सगळे क्षार त्यातच जमा झालेले असतात. पावसाचं साठवलेलं पाणी सर्वांत उत्तम.

फुलं येत नाहीत या तक्रारीचं कारण दहातल्या आठ वेळा उजेड असतो. पूर्वेच्या खिडकीत सकाळचं कोवळं ऊन साडेआठ-नऊपर्यंत चालतं, नंतर पातळ पांढरा पडदा हवा. पश्चिमेची खिडकी उन्हाळ्यात पानं भाजते. फ्लॅटमध्ये खिडकीपेक्षा दिवे सोपे पडतात: चार फुटी फळीवर २० वॉटच्या दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब, पानांपासून २५-३० सेंमी वर, रोज १० ते १२ तास, टायमर लावून. रोज निदान आठ तास अंधार लागतोच. झाड स्वतःच सांगतं: देठ लांब होऊन पानं वर उचलली तर उजेड कमी; पानं खाली वळून कुंडीला बिलगली आणि गाभा फिकट होऊन आवळला, तर जास्त.

तापमान १८ ते २७ अंश हवं, म्हणजे पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा फुलांचा काळ. तापमान ३० च्या वर टिकलं की कळ्या सुकून गळतात. एप्रिल लागला की कळ्या स्वतःच खुडा, खत बंद करा, कुंड्या वरच्या फळीवरून खाली जमिनीजवळ आणा आणि दिवे रात्री लावून दिवसा अंधार ठेवा. विदर्भात कूलरच्या खोलीत झाडं चांगली तगतात, कारण गारवा आणि दमटपणा दोन्ही मिळतात. फक्त झोत थेट अंगावर नको. मुंबई-कोकणात अडचण पावसाळ्याची. हवाच इतकी ओली असते की कुंडीतलं पाणी उडत नाही, वात मात्र ओढतच राहते. जुलै-ऑगस्टमध्ये डबा काढून ठेवा, कुंडी हलकी झाल्यावरच पाणी द्या आणि खोलीत पंखा मंद चालू ठेवा. नाहीतर पानांवर भुरी (पांढरी बुरशी) येते.

खत थोडं पण नेमाने. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ सगळीकडे मिळतं, पण त्यातला नायट्रोजन बराचसा युरियाचा असतो आणि तो या मुळांना सोसत नाही. युरिया नसलेलं पाहून घ्या. वातीच्या डब्यात लिटरला पाव ग्रॅमहून कमी, महिन्यातून एकदा वरून साधं पाणी घालून क्षार वाहून जाऊ द्यायचे. गाभ्यात केसांवर तांबूस कण दिसले तर खत जास्त झालंय.

खालची पानं गळत जातात आणि झाडाला मान दिसायला लागते. तेव्हा, ऑक्टोबरात किंवा फेब्रुवारीत, खालच्या पानांची रांग काढा, मानेवरची करडी साल बोथट सुरीने हलकेच खरवडा आणि मान जितकी लांब तितकाच मुळांचा गोळा खालून कापा. त्याच कुंडीत झाड खाली बसवून वर नवं मिश्रण भरा. खरवडलेल्या मानेला नवी मुळं फुटतात. झाड मोठ्या पारदर्शक पिशवीत दहा दिवस ठेवलं की पानं झुकत नाहीत. बाजूने आलेले फुटवेही वेळीच काढा, एका कुंडीत एकच गाभा हवा.

कीड तीन प्रकारची त्रास देते. फुलांवर परागांची पिवळी भुकटी सांडलेली दिसली तर फुलकिडे: दीड-दोन महिने एकही फूल, कळी ठेवू नका. मुळांवर तांदळाच्या कणीसारखे पांढरे ठिपके म्हणजे पिठ्या ढेकूण. सगळी मुळं कापून गाभा नव्याने रुजवणं हा उपाय. गाभ्यातली पानं बारीक, कडक आणि केसाळ-करडी झाली तर ती डोळ्यांना न दिसणारी कोळी कीड (माइट) आहे. अशा झाडाचा मोह न धरता पिशवीत बांधून फेकावं, नाहीतर फळीवरची सगळी झाडं जातात.

पानावरून रोप करायचं असेल तर मधल्या रांगेतलं पान घ्या, फार कोवळं नको, जुनाट नको. देठ अडीच सेंमी ठेवून तिरका कापा, पानाचं टोक कापून टाका म्हणजे पान स्वतः न वाढता लवकर पिल्लं देतं. ओलसर मिश्रणात झाकणाच्या डब्यात महिन्याभरात मुळं येतात, आणखी एक-दोन महिन्यांत पिल्लं. पिल्लांची पानं २-३ सेंमीची झाली की वेगळी करा. पावसाळा सरता-सरता लावलेली पानं सोयीची, उन्हाळ्यापूर्वी रोपं अंग धरतात. पाकळ्यांवर मधोमध चाकाच्या आऱ्यांसारखे पट्टे असलेल्या कायमेरा जातींना मात्र ही रीत चालत नाही, पानावरून केलेल्या रोपांना ते पट्टे येत नाहीत. त्यांचे फुटवे काढून लावावे लागतात, म्हणूनच त्या इतक्या महाग असतात.