माईची जोडवी

ताई आज चित्र बघून म्हणाली, “अगं, अगदी स्वप्नासारखं उतरलंय!” कौतुकच होतं ते. तरी दुपारपासून तेच डोक्यात घोळतंय.

कारण ज्यावरून ते चित्र काढलं, ते मला पडलेलं स्वप्न तसं नव्हतंच. माई, माझी आजी, नाशिकच्या घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीशेजारी पुराच्या पाण्यावर मांडी घालून बसली होती आणि तिच्या नऊवारीचा पदरच गोदावरी होऊन वाहत होता. पण सगळं लख्ख. पाणी मारुतीच्या बरोबर कमरेला, घाटावर उभं राहून सांगतो तसं सांगता आलं असतं. उजव्या जोडव्याची झिजलेली कडसुद्धा दिसत होती. धूसर काही नव्हतं. धूसर मी केलं.

जलरंग हाताशी होते म्हणून जलरंग घेतले. ओल्या कागदावर निळा सोडला, तो आपल्या मर्जीनं पसरला आणि पदराची नदी झाली. किती हरखले होते! त्याच ओलीत माईचे पाय विरघळले. जलरंगात उजेड म्हणजे कोरा कागद, जोडव्यावरची चमक आधीच राखून ठेवायची असते. मी नाही राखली. इतकी वर्षं घाटावर बसून रंगवतेय, आणि स्वतःच्या आजीचे पाय माझ्याकडून पुसले गेले.

ताईच्या स्वप्नात माई येत नाही, त्याचंही काहीतरी आहे मनात. ते राहू दे.

चित्रकार दालीचं वितळत्या घड्याळांचं चित्र १९३१चं, जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटर. घड्याळ वितळतं ते पटतं, कारण मागचे कडे दगडासारखे टणक आहेत. तैलरंग हवेतला प्राणवायू घेत सावकाश वाळतो, एकेक कड घोटायला वेळ देतो. चित्रकार लिओनोरा कॅरिंग्टननं अंड्याच्या बलकात कालवलेले रंगही वापरले. ते झटकन वाळतात, मग रेघेला रेघ लावत जायचं. पण माईच्या चित्रात अंडं माझ्या हातून नाही व्हायचं.

संध्याकाळी तैलरंग आणि छोटा कॅनव्हास काढला. खोलीभर जवसाच्या तेलाचा वास आहे. या पावसाळी हवेत वाळायला आठवडा सहज जाईल. जाऊ दे, तेवढे दिवस तिच्या पायाशी बसणं होईल. कागदावरचं चित्र टाकणार नाही, पदर तिथलाच खरा आहे.

आज फक्त उजवं जोडवं झालं. झिजलेली कड अजून जाड वाटतेय. उद्या केसभर आत घेईन.