खिल्लार खोंडाचे ६० मोजताना

बैलाचे आणि म्हशीचे क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्रं मोजायची, एवढाच माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट, आणि त्यात चार महिने गेले राव. सासवडला मामाकडे खिल्लार खोंड आहे, शेजारच्या गोठ्यात पंढरपुरी म्हैस. पशुवैद्यक डॉक्टरांनी मानेच्या शिरेतून रक्त काढून दिलं, मी आईसबॉक्स मांडीवर घेऊन दिवे घाट उतरलो आणि पहिल्याच फेरीत माती खाल्ली. जांभळ्या झाकणाची ट्यूब नेली होती, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए घातलेली. सिक्वेन्सिंगसाठी, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचायला, डीएनए काढायचा तर ती चालते, पण इथे पेशी जिवंत ठेवून वाढवायच्या असतात आणि ईडीटीए कॅल्शियम धरून बसतं, त्यामुळे पेशी विभागतच नाहीत. हिरव्या झाकणाची, त्याच कामासाठी हेपॅरिन घातलेली हवी होती. ७२ तास थांबून स्लाईडवर भोपळा.

दुसऱ्यांदा कल्चर, म्हणजे पेशी वाढवणं, जमलं. शेवटी कोल्चिसिन टाकून विभागणी मधेच थांबवायची, मग पोटॅशियम क्लोराईडच्या पातळ पाण्यात पेशी फुगवायच्या, आणि खरी परीक्षा इथेच. कमी फुगल्या तर सगळे क्रोमोसोम एकमेकांवर ढीग, जास्त फुगल्या तर पेशी फुटते आणि मोजले की ६० ऐवजी ५७ भरतात. ५७ आले म्हणून खोंडात दोष शोधू नका, आपणच तीन सांडलेले असतात.

शेवटी ६० भरले! बाकी सगळ्यांचा सांधा (सेंट्रोमिअर, क्रोमोसोमचे हात जुळतात ती जागा) एका टोकाला, फक्त एक्स या लिंग ठरवणाऱ्या क्रोमोसोमला दोन बाजूंना हात. म्हशीचे ५०, त्यात पाच जोड्या मोठ्या, दोन हातांच्या. गाईतले दोन दोन क्रोमोसोम म्हशीत सांध्याशी जुळून एक झालेत, म्हशीचा पहिला म्हणजे गाईचा १ आणि २७, सिक्वेन्स शेजारी ठेवला तरी हेच दिसतं. मामाला सांगितलं तर म्हणाला, "म्हंजे वीस कासरे जोडून दहा केले म्हण की." माझ्या प्रेझेंटेशनपेक्षा हे बरं होतं.

पण त्याला खरं विचारायचं होतं ते वेगळंच, खोंड अस्सल आहे का. आता देशी बैलाचा वाय, म्हणजे फक्त बापाकडून येणारा नराचा क्रोमोसोम, एकटोकी असतो, बाकीच्यांत मिसळून जातो, शोधताना डोळे फुटतात, आणि जर्सी-होल्स्टीनच्या वायला दोन हात असतात. आपल्या खोंडात तसला दिसला नाही. म्हटलं मामा, बापाच्या बाजूनं तरी देशीच आहे. मामा खूश, गावभर सांगत सुटला. आईकडचं वायवरून काहीच कळत नाही, हे मी अजून त्याला बोललेलो नाही.