सुईच्या बंदुकीचं गाव

एरफुर्टहून उत्तरेकडे निघालेली लोकल गाडी अर्ध्या तासाच्या आत झ्योमर्दाला पोचवते. जर्मनीच्या पर्यटक नकाशावर हे गाव जवळजवळ नाहीच. जुना तट, एक वेस, शेजारून वाहणारी उनस्ट्रुट नदी आणि दुपारी दोनलाच बंद झालेली बेकरी. भाचा येनाला शिकतो, तो बरोबर होता. "मामा, इथे आयझेनाखला बाखचं घर आहे, वायमारला गटेचं आहे. लोक ते बघायला येतात. आणि तुला काडतूस बघायचंय?" म्हटलं, चल मुकाट्याने. टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला गटे बघून काय करायचंय?

सुईच्या बंदुकीचा जनक निकोलाउस ड्रायझे याच गावचा, 1787 सालचा, कुलूपवाल्याचा मुलगा. आज त्याच्या घरात गावाचं संग्रहालय आहे. एका बाजूला बंदुका आणि दुसरीकडे चक्क टाइपरायटर नि पूर्व जर्मनीच्या काळातले संगणक, कारण ड्रायझेचा कारखाना पुढे राइनमेटाल कंपनीकडे गेला आणि पहिल्या महायुद्धानंतर गावात ऑफिसची यंत्रं बनू लागली. भाच्याचं लक्ष अर्थातच संगणकांकडे. मी बंदुकीपाशी थांबलो.

आपल्याकडच्या जुन्या ठासणीच्या बंदुकीचा बार भरायचा म्हणजे किती उपद्व्याप! कागदी पुडी दातांनी फाडायची, दारू तोंडाकडून नळीत ओतायची, वरून गोळी, मग गजाने ठासायचं, मग खटक्याखाली पेट देणारी छोटी टोपी बसवायची. शिवाय हे सगळं उभं राहून, म्हणजे समोरच्याच्या नेमात. ड्रायझेने दारू, गोळी आणि पेट देणारा मसाला एकाच कागदी गुंडाळीत बांधला आणि ती मागच्या बाजूने बंदुकीत सरकवायची सोय केली. बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, मागे ओढा, काडतूस ठेवा, बोल्ट पुढे ढकलून बंद करा. पालथं पडूनही जमतं.

त्या काडतुसाची रचना मात्र उलटी वाटते. सगळ्यात मागे दारू, साधारण पाच ग्रॅम. तिच्या पुढे दाबलेल्या कागदाची वाटी, वाटीच्या बुडाशी मसाल्याची टिकली, आणि वाटीत बसलेली लांबट अंडाकृती शिशाची गोळी, सुमारे 31 ग्रॅमची. म्हणजे टिकली दारूच्या पुढे! चाप ओढला की दाभणासारखी लांब सुई मागून कागद भोसकते, सगळ्या दारूतून आरपार जाते आणि टिकलीवर आपटते. दारू पुढून मागे पेटत येते. गोळी नळीपेक्षा बारीक, 13.6 मिलिमीटरची, नळी 15.4 ची. नळीच्या आतल्या पीळदार खाचांना धरून फिरते ती कागदी वाटी, शिसं नव्हे. पिळात शिसं साचायचा प्रश्नच मिटला. हे डिझाइन ज्याला सुचलं त्याला मनातल्या मनात सलाम ठोकला.

आता खोट. बार उडतो तेव्हा सुईचं टोक पेटत्या दारूच्या मधोमध असतं. पोलाद असलं तरी किती दिवस टिकणार? ती गंजायची, झिजायची, तुटायची, म्हणून शिपायाजवळ जादा सुया दिलेल्या असत. आणि दुसरी खोट मोठी: मागचा जोड हवाबंद नव्हता. बंदूक जुनी झाली की बोल्टच्या फटीतून तापलेला वायू थेट तोंडावर. काही शिपाई बंदूक गालाला न लावता कमरेवरूनच उडवत, असं लिहिलेलं आहे. नेम गेला खड्ड्यात.

गंमत अशी की या दुखण्यावरचा इलाज ड्रायझेच्या गुरूकडे आधीच होता. 1809 ते 1814 ड्रायझे पॅरिसमध्ये कामाला होता तो सॅम्युएल पाउली नावाच्या स्विस माणसाच्या कारखान्यात. या पाउलीने 1812 साली पेटंट घेतलं त्या काडतुसाचं बूड पितळेचं होतं आणि पेट देणारा मसाला त्या बुडातच, बरोबर मध्यभागी. आजच्या काडतुसाचा आराखडा हाच. पितळेचा गुण बघा: बार उडाला की दाबाने ते फुगतं, नळीच्या भिंतीला घट्ट चिकटतं, मागे वायू जाऊ देत नाही, दाब उतरला की किंचित आकसतं आणि रिकामी पुंगळी बाहेर निघते. पुंगळी ही नुसती डबी नाही, दर बाराला नवीन बसणारं गॅस्केट आहे. बंदुकीचा जोड कितीही घासूनपुसून बसवा, हे काम त्याला जमत नाही. पण 1812 साली ते पितळ हाताने लेथवर करायचं, म्हणजे एकेक नग दागिन्याच्या भावात. लाखोंच्या फौजेला कोण पुरवणार? ड्रायझेने कागद धरला तो स्वस्ताईसाठीच असणार, असं माझं मत.

प्रशियाने, म्हणजे तेव्हाच्या बलाढ्य जर्मन राज्याने, 1840 साली ड्रायझेकडे 60,000 बंदुकांची मागणी नोंदवली. गुपित फुटू नये म्हणून कागदोपत्री नाव ठेवलं 'हलकी टोपीची बंदूक'. पण 1848 च्या जूनमध्ये बर्लिनच्या लोकांनी शस्त्रागार फोडलं, त्यात या बंदुकाही लुटल्या गेल्या. झालं, गुपित रस्त्यावर. तरी बाकीच्या सैन्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. शिपायाला भराभर बार टाकता आले तर तो दारूगोळा उधळेल, ही सगळ्याच सेनापतींची तेव्हाची भीती.

मला तिथे आठवला तो मंगल पांडे. 1857 साली कंपनीने आपल्या शिपायांपुढे ठेवलेलं एनफिल्ड बंदुकीचं काडतूस ठासणीचंच होतं, चरबी लावलेलं, दातांनी फाडायचं. ते न फाडता वापरायचं काडतूस तेव्हा प्रशियाच्या फौजेत सोळा वर्षांपूर्वीच मंजूर झालं होतं. उठाव केवळ काडतुसामुळे झाला असं कोणी शहाणा म्हणणार नाही, पण ठिणगी मात्र तीच.

झ्योमर्दा बघितल्यावर चेक देशातलं ख्लुम टाळता येत नाही. ह्राडेक क्रालोवेहून बसने गेलो. टेकडीवर छोटं संग्रहालय, लोखंडी मनोरा, स्मशानभूमी, आणि चहूकडे शेतं. 3 जुलै 1866 ला या शिवारात प्रशिया आणि ऑस्ट्रियाची मिळून चार लाखांहून जास्त माणसं एकमेकांना भिडली. क्योनिगग्रेट्झची लढाई ती हीच. स्वीबच्या जंगलात अजून जागोजागी स्मारकाचे दगड आहेत, पायवाट चिखलाची, बूट घालून जा. ऑस्ट्रियाच्या तोफा सरस होत्या, त्यांच्या लोरेन्झ बंदुकीचा पल्लाही लांबचा. पण ती ठासणीची, आणि हुकूम होता संगिनी रोखून तुटून पडायचा. समोर झाडांआड पडून प्रशियाचे शिपाई त्यांच्या दुपटी-तिपटीने बार टाकत होते. त्यात दुपारी प्रशियाच्या युवराजाची ताजी फौज ख्लुमवर चढली आणि खेळ संपला. ऑस्ट्रियाच्या बाजूचे कैदी धरून सुमारे 44,000 गेले, प्रशियाचे 9,000.

"म्हणजे सुई जिंकली," भाचा म्हणाला.

त्या दिवशी जिंकली, इतकंच. पॅरिसमध्ये लफोशो नावाच्या बंदूकवाल्याने 1830 च्या दशकातच पितळी बुडाचं, बाजूला खिळा असलेलं काडतूस शिकारी बंदुकांत आणलं होतं. इंग्लंडने 1866 मध्येच जुन्या एनफिल्डला मागून झडप बसवून स्नायडर केली आणि कर्नल बॉक्सरचं गुंडाळलेल्या पितळी पत्र्याचं काडतूस घेतलं. 1869 मध्ये तर आपल्या खडकीला अॅम्युनिशन फॅक्टरी उभी राहिली. हरलेल्या ऑस्ट्रियाने 1867 साली लोरेन्झ बंदुका मागून उघडायच्या करून घेतल्या, त्याही थेट धातूच्या काडतुसासाठी. जिंकलेला प्रशिया 1870 मध्ये फ्रान्सवर चालून गेला तेव्हा मात्र त्याच्या हातात तीच कागदी गुंडाळी होती. फ्रेंचांची शास्पो बंदूक ड्रायझेच्या बंदुकीच्या दुप्पट पल्ल्याची. ती लढाई प्रशियाला तोफांनी जिंकून दिली, सुईने नव्हे. पितळी पुंगळी त्यांच्याकडे आली ती 1871 च्या माउझर बंदुकीबरोबर. तोवर ड्रायझेला जाऊन चार वर्षं होत आली होती.