टॉर्कचा खड्डा

गेले चार महिने माझ्या लॅपटॉपवर ‘गाडी_फायनल_२’ नावाची एक एक्सेल फाइल आहे. पार्टचं नाव, किंमत, किती हॉर्सपॉवर वाढणार, आणि शेवटचा कॉलम ‘हिला कधी सांगायचं’. हिने एके दिवशी तो कॉलम वाचला. तेव्हापासून फाइल उघड्यावर चालू आहे.

गाडी म्हणजे २०१३ची सायन एफआर-एस, अर्थातच सेकंडहँड. सायन म्हणजे आपलं सायन-कुर्ला नव्हे. टोयोटाने अमेरिकेतल्या तरुण गिऱ्हाइकांसाठी काढलेला तो वेगळा ब्रँड होता, २०१६ मध्ये गुंडाळला. तीच गाडी मग टोयोटा ८६ या नावाने विकली गेली, आणि सुबारूच्या शोरूममध्ये तिचंच नाव बीआरझेड. बांधणी सुबारूच्या जपानमधल्या कारखान्यात, इंजिनही सुबारूचंच. भारतात ही कधी आलीच नाही, त्यामुळे फोटो पाहून घरचे दोनच प्रश्न विचारतात: मागे माणसं कुठे बसतात आणि ॲव्हरेज किती देते. मागे दप्तर बसतं. ॲव्हरेज लिटरला दहा-अकरा.

इंजिन दोन लिटरचं, चार सिलिंडर आडवे झोपवलेले, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे. बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ८६ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तीही ८६. टर्बो नाही. २०० हॉर्सपॉवर आहेत, पण ते ७,००० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला सात हजार फेरे घेतं तेव्हा. आणि या इंजिनाचा जगजाहीर दोष असा की साधारण साडेतीन ते साडेचार हजारांच्या मध्ये टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढायच्या ऐवजी खाली बसतो. आलेखावर बघितलं तर चढणाऱ्या रस्त्यात नगरपालिकेने खणून ठेवल्यासारखी चर दिसते. पाय दाबावा, आवाज वाढावा आणि गाडीने ‘आलेच हं’ म्हणून थांबावं, तसं काहीतरी होतं.

या चरीवर सगळीकडे सांगितला जाणारा इलाज ठरलेला आहे. कंपनीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणारा पाइपांचा जुडगा, इथे ज्याला हेडर म्हणतात तो, काढायचा. त्याच्या पाइपांची लांबी अशी आहे की त्या ठरावीक आरपीएमला धुराच्या लाटा उलट्या येऊन सिलिंडरचा श्वास अडवतात. नवा हेडर बसवायचा, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, नव्याने ट्यून करायचा आणि पेट्रोलऐवजी ई-८५ भरायचं, ज्यात बहुतांश इथेनॉल असतं. चर जवळजवळ बुजते. माझ्या फाइलची पहिली ओळ हीच होती आणि तिच्यापुढे मी हिरवा रंग भरून ठेवला होता.

पण मी राहतो कॅलिफोर्नियात. या हेडरच्याच पोटात धूर स्वच्छ करणारा पहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला आहे. धुरावर परिणाम करणारा बाहेरचा कुठलाही पार्ट इथे लावायचा तर त्याला राज्याच्या हवा मंडळाची, म्हणजे कार्बची, एक्झिक्युटिव्ह ऑर्डर लागते. बोलताना सगळे ‘ईओ नंबर’ म्हणतात. तो नंबर तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठी आणि वर्षासाठी असावा लागतो. नसेल तर तो पार्ट रस्त्यावर बेकायदा.

हे सगळं इतकं कडक का, याची गोष्ट मला आवडते. १९४०च्या दशकात लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारा धुरका बसायला लागला. कॅलटेकमध्ये आरी हागेन-स्मिट नावाचे डच रसायनशास्त्रज्ञ तेव्हा अननसाच्या स्वादावर काम करत होते. अननस बाजूला ठेवून त्यांनी या हवेला हात घातला आणि दाखवून दिलं की गाड्यांचा आणि रिफायनऱ्यांचा धूर उन्हात शिजून हा धुरका तयार होतो. १९६७ मध्ये कार्ब स्थापन झालं आणि पहिले अध्यक्ष झाले हेच अननसवाले. मला बॉनेट उघडताना त्यांची आठवण येते, नेहमीच प्रेमाने येते असं नाही.

कारण मागच्या स्मॉग चेकला मी नापास झालो. आपल्याकडच्या पीयूसीचाच हा प्रकार, पण इथे २००० पासूनच्या पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये नळी घालत नाहीत. गाडीच्या कॉम्प्युटरला केबल लावतात आणि बॉनेटखाली टॉर्च मारून बघतात. मी ऑनलाइन एक सेकंडहँड इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा पोचवणारा पाइप, घेऊन लावला होता. चकचकीत पाइप, मोठा लाल फिल्टर, हॉर्सपॉवरच्या नावाने फक्त आवाज. तपासणाऱ्याने टॉर्च फिल्टरवर धरला, पाइपवर धरला, मग माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, ‘ईओ नंबर कुठाय?’ मी पण त्याच्याबरोबर पाइपाभोवती शोधल्यासारखं केलं. घरी जाऊन जुना काळा प्लॅस्टिकचा डबा आणला, त्याच्याच पार्किंगमध्ये स्क्रू ड्रायव्हरने बसवला आणि पुन्हा फी भरून पास झालो.

ईसीयूचं ट्यूनिंग तर त्याहून अवघड. जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये सॉफ्टवेअर बदललंय का तेही कळतं. चाचणीपुरतं मूळ सॉफ्टवेअर परत टाकू म्हणावं, तर गाडीच्या आतल्या स्वयंचाचण्या शून्यावर येतात. त्या पुऱ्या व्हायला आठवडाभर नीट गाडी चालवावी लागते, नाहीतर ‘अजून तयार नाही’ म्हणून परत पाठवतात. दर दोन वर्षांनी ही चोर-पोलीस कोण करणार? हिरवी ओळ मी लाल केली. (आपल्याकडे जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोड रोलर फिरवतात. जाहीर आणि एका झटक्यात. इथलं मरण कागदोपत्री असतं.)

लाल ओळीनंतर मामांना फोन लावला. मामा म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं ब्लॉक बोअर करणं, हेड फेस मारणं, क्रँक ग्राइंडिंग. लहानपणी मे महिन्यात त्यांच्या शेडमध्ये बसून कूलंटच्या वासात मी बर्फाचा गोळा खाल्लेला आहे. त्यांना मी व्हिडिओ कॉलवर माझी एक्सेल दाखवली. कुठलं किट किती हॉर्सपॉवर देतं, सगळं उतरत्या क्रमाने लावून.

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘किती वाढवायची ते नंतर बघू. तुला पावर पायजे कुठं, ते सांग आधी.’

‘म्हणजे?’

‘अरं, उसाचा ट्रक चढाला लागतो तवा पावर कुठं लागती, आन् शर्यतीची गाडी सरळ पळती तवा कुठं लागती? एकच हाय व्हय?’

माझ्या फाइलमध्ये हा कॉलमच नव्हता. सगळे आकडे कमाल हॉर्सपॉवरचे, म्हणजे ७,००० च्या आसपासचे. मग एक छोटं ब्लूटूथ यंत्र गाडीच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे स्मॉग चेकवाले केबल लावतात तिथे, लावलं आणि दोन आठवडे रोजचा प्रवास मोबाइलवर नोंदवला. फ्रीमाँटहून ८८० हायवे धरायचा, २३७ वर वळायचं, सनीव्हेलला ऑफिस. ७,००० च्या वर गाडी गेली मोजून तीनदा, तिन्ही वेळा रविवारी सकाळी, डोंगरावरच्या स्कायलाइन रोडवर. बाकीचं सगळं आयुष्य साडेचार हजारांच्या खाली. आणि सगळ्यात वैतागाची जागा म्हणजे ऑटो मॉल पार्कवेवरून ८८० वर चढतानाची: तिसरा गिअर, ताशी ४० मैल, उजव्या लेनमध्ये कंटेनर. गिअरचे आकडे घेऊन हिशोब मांडला, तर तिसऱ्यात ४० मैल म्हणजे जवळपास ३,५०० आरपीएम. चरीच्या बरोब्बर काठावर.

मामांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, ‘मग गिअर मागं घे की लेका. फुकटात हाय ते.’

खरं आहे. दुसऱ्यात टाकलं की ४० मैलांना ४,९०० होतात आणि गाडी उडते. पण रोज सकाळी आठ वाजता, एका हातात चहाचा मग असताना, इंजिन किंचाळवत हायवेला लागणं पंचेचाळिशीत शोभत नाही. मग डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांमधली गिअरपेटी, बदलण्याचा विचार केला. माझ्या गाडीचा फायनल ड्राइव्ह, म्हणजे त्या पेटीतलं गिअरचं प्रमाण, ४.१ आहे, २०१७ पासूनच्या मॅन्युअल गाड्यांना ४.३ दिला. इंजिनाला हात नाही, चाकांवर सगळीकडे पाच टक्के जास्त जोर. कागदावर सुंदर. पण त्याने चर बुजत नाही, सरकते. जी ४० मैलांना होती ती ३८ ला येते.

उरला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप. या गाडीसाठी ईओ नंबर असलेले सुपरचार्जर निघालेले आहेत, म्हणजे टॉर्चवाल्यासमोर मान ताठ. इथेच मामांचा प्रश्न कामाला आला. सुपरचार्जर ढोबळमानाने दोन जातीचे. सेंट्रिफ्युगल जातीचा आरपीएम चढतील तसा दाब वाढवतो, म्हणजे खरी मजा वरच्या टोकाला. कमाल आकडा मोठा, माझ्या जुन्या यादीत तो सगळ्यात वर होता. दुसरा रूट्स जातीचा. त्याच्यात दोन रोटर एकमेकांत फिरतात आणि हवा खालच्या आरपीएमपासूनच ढकलायला लागतात. कमाल आकडा कमी, पण चर तिथल्या तिथे भरते. पंधरा दिवसांच्या नोंदी समोर ठेवल्यावर निवड करायला पाच मिनिटंही लागली नाहीत. यादीतला सातव्या नंबरचा वर आला.

दाब मात्र जपून. या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल किती पट दाबलं जातं ते, मुळातच १२.५ ला १ आहे. त्यावर आणखी हवा कोंबली की ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं पेट्रोल आपोआप पेटायला बघतं, म्हणजे नॉकिंग. ऑक्टेनचा आकडा जितका मोठा तितकं पेट्रोल हे टाळतं. आणि कॅलिफोर्नियातल्या बहुतेक पंपांवर मिळणारं सगळ्यात भारी पेट्रोल ९१ ऑक्टेनचं. वाचून हसू नका. इथला आकडा दोन पद्धतींच्या सरासरीचा असतो, त्यामुळे इथलं ९१ म्हणजे आपल्याकडच्या मोजणीत साधारण ९५-९६. आपल्या पंपावरच्या एक्सपी-९५ च्या जवळचं. एक्सपी-१०० इथे मिळालं असतं तर माझी फाइल जरा वेगळी झाली असती.

किट, मजुरी आणि क्लच धरून साडेआठ हजार डॉलरचं कोटेशन आलं, म्हणजे सात लाखांच्या वर. हिने शांतपणे विचारलं, ‘नवीन मॉडेलमध्ये हा खड्डा आहे का?’ नाही. २०२२ पासूनच्या गाडीत २.४ लिटरचं इंजिन आहे आणि तिचा कमाल टॉर्क ३,७०० लाच येतो, जिथे माझी गाडी दम खाते. जुनी विकून वर साडेआठ हजार घातले तरी नवी येत नाही, हे मी पटकन सांगितलं. जरा जास्तच पटकन.

तर योजना अशी ठरली: आधी टायर, कारण कंपनीने दिलेल्या जातीचे टायर पेट्रोल वाचवणाऱ्या प्रियसलाही मिळायचे. मग ब्रेक पॅड. मग क्लच. आणि दिवाळीच्या बोनसवर किट. त्याआधी मामांची अट, स्पार्क प्लग काढून दाखवायचे.

आडव्या इंजिनाचे प्लग काढणं म्हणजे पलंगाखाली गेलेली अंगठी चिमट्याने काढणं. चेसिसच्या दांडीने हात अडतो, तीन एक्स्टेन्शन जोडावे लागतात आणि शेवटचा थोडा फिरवायचा तो नुसत्या बोटांनी, न बघता. गॅरेजच्या फरशीवर जुन्या पेपरवर चारही प्लग क्रमाने मांडले आणि फोन वर धरला. कोल्हापुरात सकाळचे आठ वाजले होते, मामांच्या हातात कपबशी.

‘एक नंबर दाव. जवळ घे. हां, चहासारखा हाय, झ्याक. दोन. ह्यो बी बरा. तीन...’ ते थांबले. ‘फिरव जरा. आट्याकडं दाव.’

मी फिरवला. पांढऱ्या चिनी मातीवर एका बाजूने तपकिरी ओघळ होता. बोट लावलं, बोटाला तेल.

‘सुपरचार्जर कुठनं मागवलास?’

‘अजून नाही मागवला, मामा.’

‘मग नगं मागवू इतक्यात. सील गेलंय तुझं. आधी ह्ये तेल उतरतंय कुठनं ते बघ. आन् चार नंबर दाव की.’