पहिलीच्या वर्गातला जमाखर्च

गेल्या ग्रामसभेत गावातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी उभं राहून मला विचारलं, "बाई, तुमच्या शाळेत आमची मुलं किती आणि भायल्यांची, म्हणजे बाहेरून आलेल्यांची, किती?" मी सांगितलं, पहिली ते चौथी मिळून ३१, त्यातली २३ मुलं गदग, विजापूर, बिहार, झारखंडकडच्या घरांतली. "म्हणजे पैसे आमचे आणि शिकतात ते," एवढं म्हणून ते खाली बसले. मला तिथे धड उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून आज इथे लिहिते आहे.

आमची मराठी प्राथमिक शाळा गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीपासून जवळच आहे. मी इथे १९ वर्षं शिकवते. सुरुवातीला वर्गात सगळी गावचीच मुलं असायची. मग काही इंग्रजी माध्यमाकडे गेली, आणि मुळात घराघरांत मुलंच कमी झाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्याचा जननदर बाईमागे १.३ मुलं इतका खाली आला आहे. ही २३ मुलं नसती तर शाळेला कधीच टाळं लागलं असतं आणि गावच्या उरलेल्या आठ मुलांना बस धरून दुसऱ्या गावी जावं लागलं असतं.

तरी त्या गृहस्थांचं म्हणणं खोटं नाही. पुस्तकं, गणवेश, माध्यान्ह आहार, माझा पगार, सगळं सरकारी तिजोरीतूनच येतं. अमेरिकेत परदेशातून येणाऱ्यांबद्दल हाच वाद आहे. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ साली याचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. बाहेरून आलेल्या पहिल्या पिढीचा बोजा राज्यांवर आणि स्थानिक सरकारांवर पडतो, आणि तो मुख्यतः मुलांच्या शिक्षणाचा असतो, असं त्यात निघालं. पण तीच मुलं मोठी झाली की सरकारी तिजोरीत सर्वांत जास्त भर घालणाऱ्यांत मोडतात, हेही त्यातच निघालं. खर्च आजच्या पानावर लिहिला जातो, जमा वीस वर्षांनंतरच्या.

आणि मुलांच्या बापांचं काय? झारखंडचा पोरगा बाविसाव्या वर्षी इथल्या कारखान्यात येतो तो हातपाय धडधाकट घेऊन. त्याचा जन्म, लसी, शाळा, सगळं झारखंडने केलं. आपल्याला तो आयता मिळाला. ही नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

हे मला उमगलं ते माझ्या भाच्यामुळे. त्याचे आजोबा १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले, म्हणून त्याला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला, भारतीय पासपोर्ट परत करावा लागला आणि ब्रेक्झिटच्या आधी तो इंग्लंडला, स्विंडनला पोचला. शाळा आणि आयटीआय दोन्ही त्याने गोव्यात केलं. ब्रिटनने त्याच्या शिक्षणावर एक पैसा घातला नाही आणि पहिल्या पगारापासून त्याचा कर घेतला. तो गोदामात रात्रपाळी करतो. त्याच्या पैशांतून माझ्या बहिणीच्या घराचं छप्पर नवं झालं. आता त्याची मुलगी तिथल्या प्राथमिक शाळेत जाते. परवा फोनवर म्हणाला, "मावशी, इथे पण लोक बोलतात, आमच्या शाळा यांनी भरल्या म्हणून." माझ्या पोटात खड्डा पडला.

मजुरीचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. १९८० साली काही महिन्यांत सव्वा लाखाच्या आसपास क्यूबन माणसं बोटींतून अमेरिकेला आली आणि त्यांतली बरीचशी मायामीतच राहिली. तिथले कामगार सुमारे ७ टक्क्यांनी वाढले. डेव्हिड कार्ड या अर्थशास्त्रज्ञाने १९९० साली तपासलं, तर मजुरीवर फारसा परिणाम दिसला नाही. पुढे जॉर्ज बोर्हास यांनी फक्त शाळा अर्धवट सोडलेल्यांचे आकडे वेगळे काढले, तर त्यांची मजुरी बरीच पडलेली दिसली. हा वाद अजून मिटलेला नाही. मला दोन्ही खरं वाटतं, कारण दोन्ही डोळ्यांसमोर आहे. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठते, पण ओडिशा-झारखंडचे खलाशी परतले नाहीत तर ट्रॉलर जेटीलाच बांधलेले राहतात. मग बर्फवाला आणि बाजारात बसणारी आपली मासळीवाली, दोघांचेही हात रिकामे. आणि आमच्या शेजारचा गवंडी मात्र सांगतो, गेली कित्येक वर्षं मजुरी वाढवून मागितली की मुकादम म्हणतो, दुसरा आहे. त्याला मायामीची सरासरी सांगून काय उपयोग?

माझं म्हणणं असं की एकूण बेरजेत फायदाच आहे, पण तो एका घरी जातो आणि त्रास दुसऱ्याच्या दारात येतो. आमच्या वाड्यावर एका घरामागे दहा खोल्या बांधल्या आहेत. एका खोलीत चार-चार माणसं राहतात. भाडं मालकाला मिळतं, आणि पंचायतीला घरपट्टी मिळते ती एका घराची. एप्रिलमध्ये नळाला पाणी येत नाही, कचरा ओहोळात पडतो, आणि लोकांचा राग निघतो तो सहा वर्षांच्या पोरांवर. हे मला सहन होत नाही. त्या खोल्यांतली माणसं साबण, तेल, मोबाइल इथल्याच दुकानात घेतात, आणि जीएसटीतला राज्याचा वाटा माल जिथे वापरला जातो त्या राज्याला मिळतो. म्हणजे तीही गोव्याच्या तिजोरीत रोज काही टाकतच असतात.

यंदा पहिलीत गदगची एक लमाणी मुलगी होती. जूनमध्ये तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. दिवाळीनंतर ती जोडाक्षरं वाचायला लागली, फळ्यावरची तारीख रोज तीच लिहायची. मार्चमध्ये बापाचं बांधकाम संपलं आणि ते सगळे गेले. दाखला लिहिताना माझा हात जड झाला. आम्ही तिच्यावर जे काही खर्चलं ते आता दुसऱ्या कुठल्या गावाच्या उपयोगी पडेल, तिची शाळा सुटली नाही तर.

पुढच्या ग्रामसभेसाठी मी पंचायतीला अर्ज लिहिला आहे. भाड्याच्या खोल्या किती, त्यांतल्या किती नोंदलेल्या आणि त्यांच्यापोटी घरपट्टी किती जमा होते, एवढंच विचारलं आहे. गावच्या चार पालकांनी सही केली, आणि पाचवी सही त्या गवंड्याची आहे.