१० जुलै : पळसगावचा यशवंत

आज यशवंत घाडगेचा स्मृतिदिन. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली याच तारखेला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याला वीरमरण आलं. वय अवघं २२. गाव माणगाव तालुक्यातलं पळसगाव, तेव्हाचा कुलाबा, आजचा रायगड जिल्हा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये तो नाईक होता, म्हणजे एका छोट्या तुकडीचा म्होरक्या.

सकाळी त्याचं व्हिक्टोरिया क्रॉसचं, म्हणजे ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाचं, मानपत्र पुन्हा वाचलं. हल्ला चढवताना अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि तुकडीतला एकूण एक जवान मेला किंवा जखमी झाला. उभा राहिला तो एकटा यशवंत. सोबतीला कुणी उरलं नाही हे पुरतं ठाऊक असतानाही तो थेट त्या मशीनगनवर धावून गेला, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मी दर वेळी तिथेच थांबतो. जमिनीला चिकटून पडून राहिला असता तर त्याला कोण नावं ठेवणार होतं? पण मागे त्याची जखमी माणसं पडली होती आणि समोरची गन चालूच होती. ती गप्प झाल्याशिवाय त्यांच्यापर्यंत कुणी पोहोचणार नव्हतं.

त्याने हातबॉम्ब टाकला, मशीनगन आणि ती चालवणारा दोघेही गारद झाले. आणखी एकाला गोळी घातली. उरलेले दोघे अंगावर आले तेव्हा मॅगझिन बदलायलाही सवड नव्हती. त्याने बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने त्या दोघांना ठार केलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यावर तो गेला.

भाषणांत हा दस्त्याचा भाग हमखास गाळतात. ‘शौर्य गाजवलं’ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. त्या पोराला काय करावं लागलं हे न सांगता नुसता हार घालायचा, तर त्याने दिलेलं आपण पुरतं पाहिलंच नाही.

‘इंग्रजांच्या फौजेत होता ना?’ हेही ऐकलंय. हो, होता. त्या जुलैत नेहरू, पटेल, आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. ते युद्ध आपलं होतं का, हे विचारायलाच हवं, पण ते युद्धात ओढणाऱ्या सरकारला विचारावं. यशवंत धावला तो आपल्या माणसांसाठी, असंच मी मानतो, आणि म्हणून त्याला मान देताना माझं मन जराही कचरत नाही.

त्याची समाधी कुठेच नाही. इटलीतल्या कसिनोच्या युद्धस्मारकावर नाव तेवढं कोरलंय. माणगावात पुतळा आहे. २०२३ च्या जुलैत इटलीतल्या मोंतोने गावाने त्याच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं, ते वाचून फार बरं वाटलं होतं. त्या लढाईत इटलीतल्या गावांनीही खूप सोसलं होतं. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ भारतीय जवान गेले, त्यांतल्या बहुतेकांची आपल्याकडे कुणाला नावंही ठाऊक नाहीत.

पुढच्या आठवड्यात नववीच्या इतिहासाच्या तासाला ते मानपत्र मराठीत करून वाचणार आहे. काही न गाळता. वर्गात पळसगावकडची दोन मुलं आहेत, त्यांनाच वाचायला सांगेन म्हणतो.